बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे



उपवासकाळ सुरू झाला की आमच्या माधव नगरात एक प्रश्न हमखास विचारला जातो. कधी प्रौढांच्या धर्मशिक्षण वर्गात, कधी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायरीवर. विचारणारे बहुधा वयाने मोठे असतात. "आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही. शुक्रवारचा उपवास सोडला नाही. जमेल तेवढा दानधर्म केला. तरी तारणाची खात्री का वाटत नाही?" त्यांच्या मागच्या बाकावर कॉलेजात जाणारी मुले बसलेली असतात. त्यांचा प्रश्न याच्या अगदी उलट असतो. "तारण कृपेनेच होणार असेल, तर मग हे सगळं करायचं कशाला?"

दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर आहे, आणि ते पौलाने इफिसकरांच्या पत्रातल्या दुसऱ्या अध्यायात दिले आहे. तारण हे देवाचे दान आहे, ती आपली कमाई नाही, म्हणून कुणीही त्याची फुशारकी मारू नये, असे तो आठव्या आणि नवव्या वचनात सांगतो. लगेच दहाव्या वचनात म्हणतो की आपल्याला सत्कृत्यांसाठीच घडवलेले आहे. आमच्या वर्गातले वडीलधारे दहावे वचन धरून बसतात आणि तरुण मुले आठव्यावर थांबतात. ही वचने वाचून दाखवली की सगळे माना डोलावतात आणि पुढच्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा येतो. म्हणून यंदा वचनाच्या जोडीला आपल्याच भाषेतल्या एका बाईचा इतिहास सांगावा असे आम्ही ठरवले.

बाईंचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात त्यांचा धडा असतो, १९८९ मध्ये त्यांच्या चित्राचे टपाल तिकीटही निघाले. समाजसुधारक, संस्कृत पंडिता, केडगावच्या मुक्ती मिशनच्या संस्थापिका, एवढे सगळे सांगतात. पण १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतरची आठ वर्षे त्या ख्रिस्ती होत्या आणि तरीही त्यांच्या मनाला थारा नव्हता, हे फारसे कुणी सांगत नाही. त्यांनी स्वतः मात्र ते लपवले नाही. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी ते उघड लिहून ठेवले आहे.

गोष्ट त्यांच्या वडिलांपासून सुरू करायला हवी. अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला त्यांनी संस्कृत शिकवले, म्हणून समाजाने त्यांना जाब विचारला, आणि उडुपीच्या सभेत त्यांनी शास्त्राधारे स्वतःची बाजू मांडली. पुढे ते पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या अरण्यात आश्रम करून राहिले. तिथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. आलेल्या-गेलेल्या यात्रेकरूला जेवू घालायचे, विद्यार्थ्यांना शिकवायचे, कुणाला विन्मुख पाठवायचे नाही, असा त्या घराचा रिवाज होता. त्यातच सारी मालमत्ता संपली. मग मुलाबाळांना घेऊन शास्त्रीबुवा तीर्थयात्रेला निघाले, ते वर्षानुवर्षे चालतच राहिले. देवळात पुराण सांगायचे, मिळेल त्यावर गुजराण करायची, आणि उरेल ते दानाला, व्रताला, ब्राह्मणभोजनाला लावायचे.

असे घर आम्ही उज्जैनकर लगेच ओळखतो. फ्रीगंजातून रेल्वेचे रूळ ओलांडून क्षिप्रेच्या घाटांकडे गेले की अशी घरे रोज भेटतात. २०१६ च्या सिंहस्थात तर सारे शहरच त्यांनी भरले होते, आणि २०२८ मध्ये पुन्हा भरेल. डोक्यावर गाठोडे, कडेवर मूल, पायात धड चप्पल नाही, पण डोळ्यांत एक आशा. त्या गर्दीकडे कुचेष्टेने पाहणारा ख्रिस्ती माणूस आम्हाला आवडत नाही. त्या माणसांना देव हवा आहे, आणि त्यासाठी ती चालून आलेली आहेत. रविवारी घरापासून दहा मिनिटांवरच्या चर्चला उशिरा पोहोचणाऱ्या आम्हा लोकांना तर त्यांच्याबद्दल बोलायचा अधिकारच नाही.

अनंतशास्त्री असेच चालले. मग १८७४ च्या सुमाराचा दुष्काळ आला. दागिने विकले, चांदीची भांडी विकली, मग तांब्यापितळेचीही विकली, आणि तो पैसाही देवाला प्रसन्न करण्यात खर्ची पडला. शेवटी खायला काही उरले नाही. मोलमजुरी करणे कुळाला शोभत नाही, भीक मागायची लाज वाटते, म्हणून सारे कुटुंब मरण पत्करायला रानात शिरले. कित्येक दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानटी खजूर एवढ्यावर काढले. वृद्ध, डोळ्यांनी अधू झालेल्या अनंतशास्त्रींनी जलसमाधी घ्यायचे ठरवले. त्यांनी एकेकाला जवळ घेऊन निरोप दिला. रमाबाई सर्वांत धाकट्या. वडिलांनी त्यांना छातीशी धरले, तू माझी सर्वांत लाडकी आहेस असे सांगितले, आणि तुला मी देवाच्या हाती सोपवले आहे, आयुष्यभर त्याचीच सेवा कर अशा अर्थाचे शेवटचे शब्द बोलले. रमाबाईंनी ते शब्द म्हातारपणापर्यंत जपले. तेवढ्यात थोरला मुलगा श्रीनिवास म्हणाला की मी जातीचा अभिमान सोडतो आणि हलकेसलके काम करून तुम्हाला पोसतो. जलसमाधी टळली, पण उपासमारीने खंगलेले शास्त्रीबुवा थोड्याच दिवसांत गेले. पाठोपाठ आई गेली. तिला न्यायला पुरेसे खांदेकरी मिळेनात, तेव्हा रमाबाईंना स्वतः तिरडी उचलावी लागली. उंची कमी पडली म्हणून त्यांनी तिरडीचे टोक डोक्यावर घेतले. पुढे थोरली बहीणही गेली.

आता विचार करा. ज्या घराने जन्मभर पुण्य जोडले, त्या घराच्या वाट्याला हे आले. पुण्याची वही शेवटच्या पानापर्यंत भरलेली आणि पदरात काही नाही. मागे राहिलेल्या त्या सोळा वर्षांच्या मुलीला काय वाटले असेल?

ती आणि श्रीनिवास तरीही चालतच राहिले. पोटात अन्न नाही, अंगावर पांघरूण नाही. झेलम नदीच्या काठी थंडी असह्य झाली तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले, त्यांत उतरून अंगावर वाळू ओढून घेतली आणि तोंड तेवढे बाहेर ठेवले. अशी यात्रा करत १८७८ मध्ये दोघे कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. सारे शहर त्यांची व्याख्याने ऐकायला लोटत होते, पण जुन्या व्रतवैकल्यांवरचा त्यांचा विश्वास तोवर उडून गेला होता. शास्त्रे जसजशी वाचावीत तसतसे त्यांच्या ध्यानात येत गेले की त्यांत स्त्रीला आणि शूद्राला मोक्षाची सरळ वाट नाही. चांगली कर्मे करून पुढचा जन्म चांगला मिळाला, तर त्याच्या पुढे काही आशा. म्हणजे ज्या बाईजवळ पुण्य जोडायची सोयच नाही, तिने करायचे काय?

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. मनोरमा झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीही गेला. सिलचरच्या घरात पतीच्या पुस्तकांमध्ये त्यांना बंगाली भाषेतले लूकचे शुभवर्तमान सापडले होते. पुण्याला आल्यावर त्यांची भेट फादर नीळकंठ नेहेम्या गोरे यांच्याशी झाली.

या गोऱ्यांबद्दल थोडे विषयांतर करू द्या, कारण आपल्या प्रांतातल्या मराठी मंडळींना ते जवळचे वाटावेत. त्यांचा जन्म १८२५ साली झाशीजवळचा, वाढले काशीत. महाराष्ट्राबाहेर जन्मलेला, चित्पावन घरातला, आमच्यासारखीच हिंदीत घोळलेली मराठी बोलत असेल असा हा माणूस. (हे शेवटचे आमचे अनुमान, पण काशीत वाढलेल्याची दुसरी कशी असणार!) मिशनऱ्यांशी वाद घालून त्यांना गप्प करायला गेले आणि १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन बसले. मोठे तर्कशास्त्री, षड्दर्शनांवर ग्रंथ लिहिलेला. राहणी संन्याशासारखी. पण याच माणसाला जन्मभर शंकांनी छळले. आमच्या दृष्टीने रमाबाईंची गोष्ट समजायला हे उपयोगी आहे. गोऱ्यांनी रमाबाईंची बुद्धी ख्रिस्ताकडे वळवली. बुद्धी वळली की मन आपोआप निवांत होते असे नाही, हे त्या गुरूच्या आयुष्यातही दिसते आणि शिष्येच्याही.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथे अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात राहिल्या. तिथल्या एका अनुभवाने त्यांच्यावर सर्वांत खोल ठसा उमटवला. लंडनमधील फुलहॅम येथे याच भगिनींचे एक घर होते. समाजाने ज्यांना पतित ठरवले अशा स्त्रियांना तिथे आसरा देत. रमाबाईंनी पाहिले की या बायकांना कुणी हिणवत नाही, उलट मायेने सांभाळले जाते. आपल्या शास्त्रात अशा बाईला दंड आहे, क्षमा नाही, आणि इथे हे काय चालले आहे? त्यांनी एका भगिनीला कारण विचारले. तिने योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय उघडला. याकोबाची विहीर, भर दुपारी पाण्याला आलेली शोमरोनी बाई, पाच नवरे झालेली, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. त्या बाईजवळ पुण्याचा एक कणही नव्हता. तिने व्रत केले नव्हते, यात्रा केली नव्हती, तिचा डोंगर कुठला आणि यरुशलेम कुठले. तरी जिवंत पाण्याची गोष्ट येशूने तिच्याशी केली.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

आणि इथेच बहुतेक लेखक म्हणतात, अशा रीतीने त्या ख्रिस्ती झाल्या. आमच्या मते खरी गोष्ट इथून पुढे आहे. बाप्तिस्म्यानंतर त्यांचा मठातल्या भगिनींशी पत्रांतून वाद सुरू झाला. त्रैक्य कसे, ख्रिस्ताचे देवपण कसे, श्रद्धेसाठी नेमके काय मानणे आवश्यक आणि कोण सांगणार? मी एका पुरोहितशाहीतून सुटून आले ती दुसरीच्या हाती जाण्यासाठी नव्हे, असा त्यांचा एकंदर सूर. इंग्लंडात ख्रिस्ती पंथांची जी गर्दी त्यांना दिसली, तिने त्या चक्रावून गेल्या. एकजण सांगतो तारणासाठी हे हवे, दुसरा म्हणतो ते हवे. त्या जन्मभर शाकाहारी राहिल्या, आणि मठात त्यावरही कुरबूर झाली. आमच्यासारख्या धर्मशिक्षकाच्या वर्गात त्या बसल्या असत्या तर आमची धडगत नव्हती!

या काळात त्या रिकाम्या मात्र बसल्या नव्हत्या. अमेरिकेत गेल्या, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले, आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. म्हणजे सत्कृत्यांचा डोंगर उभा होता. आमच्या पायरीवर प्रश्न विचारणाऱ्या काकांच्या शंभरपट! पण साक्षीत त्या जे सांगतात त्याचा मथितार्थ असा: मला धर्म सापडला होता, आणि तो चांगला होता, पण त्या धर्माचा जीव जो ख्रिस्त तो काही मला भेटला नव्हता. वाळूत स्वतःला पुरून घेऊन थंडी काढणारी ती मुलगी जणू अजून चालतच होती. तीर्थ तेवढे बदलले होते.

मग १८९१ च्या सुमारास त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मचरित्र आले. हॅस्लम कॉर्नवॉलमध्ये एका चर्चचा पाळक होता. कष्टाळू, चर्च बांधणारा, विधी चोख पार पाडणारा. १८५१ च्या एका रविवारी तो उपदेश करत असताना, ख्रिस्त तारणारा आहे हे आपण इतरांना सांगतो पण स्वतः कधी त्याच्यापाशी गेलोच नाही, हे व्यासपीठावरच त्याच्या ध्यानात आले. त्याचा चेहरामोहरा असा बदलला की ऐकणाऱ्यांपैकी एकजण ओरडला, अरे, पाळकाचेच परिवर्तन झाले! हे वाचून रमाबाईंना आपलेच चित्र दिसले. मग त्यांनी पवित्र शास्त्र नव्या नजरेने वाचायला घेतले. त्यांना उमगले ते एवढेच की आपल्याजवळ देण्यासारखे काही नाही आणि देवाने ते मागितलेलेही नाही. ख्रिस्त पाप्यांसाठी मेला, मी पापी आहे, म्हणजे तो माझ्यासाठी मेला. स्त्रीजन्म आड येत नाही, पुढच्या जन्माची वाट पाहावी लागत नाही, पुण्य साठण्याची वाट पाहावी लागत नाही.

कॅथलिक म्हणून आम्ही इथे एक गोष्ट जोडू. बाप्तिस्म्यात देव जे देतो ते खरेच देतो, अशी आपली श्रद्धा आहे. तेव्हा १८८३ मध्ये भेट मिळालीच होती, ती उघडायला आठ वर्षे लागली, असे आम्ही म्हणू. रमाबाई हे मान्य करतीलच असे नाही. रोमच्या ख्रिस्तसभेविषयी त्यांची मते कडक होती, ती झाकून ठेवायचे आम्हाला कारण नाही. पण आपल्यापैकी जे पाळण्यात असतानाच बाप्तिस्मा घेऊन मोकळे झाले, त्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारायला हरकत नसावी. आपण ती भेट उघडली आहे का?

कॅथलिकांमध्ये कृत्यांनी तारण होते आणि प्रोटेस्टंटांमध्ये कृपेने, असे आपल्या मराठी मंडळ्यांत अजून सर्रास बोलले जाते. लग्न जुळवतानासुद्धा! ते खरे नाही, आणि इतिहास थोडा तपासला तर कळते. कमाईने तारण मिळते ही कल्पना फार जुनी आणि फार सभ्य आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियस नावाचा एक तपस्वी रोममध्ये होता. ढिल्या ख्रिस्ती लोकांचा त्याला संताप येई, आणि माणूस मनावर घेईल तर स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो असे तो शिकवी. माणूस वाईट नव्हता. पण संत ऑगस्टीनने ओळखले की या शिकवणीत ख्रिस्ताला फक्त उदाहरणापुरते काम उरते. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने ती शिकवण नाकारली. तरी ती मेली नाही. १५१७ मध्ये जर्मनीत दंडमाफीची पत्रे पैशाने खपवली जात होती, तेव्हा मार्टिन ल्यूथर उभा राहिला. तीर्थक्षेत्रावरच्या बाजाराला नावे ठेवण्याआधी आपल्या घरातला हा बाजार आठवावा. आजही चर्चच्या भिंतीवरच्या संगमरवरी पाटीत आपले नाव देणगीदारांमध्ये कितवे आहे हे हळूच मोजणारे डोळे आम्ही पाहिले आहेत.

पण ल्यूथरला उत्तर देताना ख्रिस्तसभेने काय म्हटले? १५४७ साली ट्रेंटच्या परिषदेने आपल्या निर्णयाचे अगदी पहिले कलम हेच लिहिले की ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून, नुसत्या स्वतःच्या कृत्यांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरू शकतो असे जो म्हणेल तो श्रद्धेबाहेर आहे. मग भांडण कशावर होते? कृपा आल्यावर माणसात काय घडते, आणि त्याच्या कृत्यांना मग काय किंमत, यावर. ते भांडण खोटे नव्हते, पण लोक समजतात ते नव्हते. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, ल्यूथरच्याच दिवशी, ऑग्सबर्गला कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो आणि पवित्र आत्मा देऊन सत्कृत्यांसाठी समर्थ करतो, हे दोघांनी एकत्र कबूल केले. २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात सामील झाले. बातमी आपल्या गावांपर्यंत अजून पोहोचायची आहे, एवढेच.

आता मागच्या बाकावरच्या मुलांकडे वळू. कृपेनेच सगळे, तर मग करायचे कशाला? कामासाठी सकाळी चौकात उभे राहणारे मजूर तुम्ही रोज पाहता. मत्तयच्या विसाव्या अध्यायात येशूने त्यांचीच गोष्ट सांगितली आहे. दिवस मावळायला तासभर उरला असताना ज्यांना काम मिळाले, त्यांनाही पूर्ण रोजी मिळाली. सकाळपासून राबणारे कुरकुरले, कारण ते हिशेबात होते. पण संध्याकाळी पाच वाजता बोलावला गेलेला मजूर दुसऱ्या दिवशी त्या मालकाकडे कामाला गेला नसेल का? आम्हाला वाटते, तो सर्वांच्या आधी जाऊन उभा राहिला असेल. दाखला तिथे थांबतो, म्हणून हे आमच्या पदरचे समजा.

रमाबाईंच्या बाबतीत मात्र काय झाले ते लिहिलेले आहे. १८९१ नंतर त्या पुण्यात आपल्या घरी दार उघडे ठेवून प्रार्थना करू लागल्या. सदनातल्या मुली आपण होऊन येऊन बसत. शहरात गहजब झाला. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार राजीनामे देऊन बाजूला झाले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. जो आनंद मिळाला त्याची ही किंमत त्यांनी मुकाट्याने दिली.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला, तो आपल्याच भागात, त्या वेळच्या मध्य प्रांतात. बातम्या वाचून रमाबाईंना आपल्या आईवडिलांची उपासमार आठवली. त्या स्वतः निघाल्या, दुष्काळी कामांवर आणि गरीबखान्यांत फिरल्या, आणि हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुली आणि विधवा घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगमुळे सरकारने नव्यांना येऊ देणे कठीण केले, म्हणून केडगावला शेतात झोपड्या उभ्या राहिल्या, आणि तिथून मुक्ती मिशन वाढले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे सुमारे दोन हजार जीव राहत होते. आंधळ्यांसाठी वर्ग होता, म्हाताऱ्यांसाठी घर होते, विणकाम, तेलघाणा, छापखाना सगळे बायकाच चालवत. आणि ज्या बायकांना गावाने, नातेवाइकांनी, प्रसंगी इतर अनाथाश्रमांनीही पतित म्हणून दार लावून घेतले असते, त्यांच्यासाठी रमाबाईंनी वेगळे घर बांधले. फुलहॅमला पाहिलेले ते घर मराठी मुलुखात आणले. त्याचे नाव त्यांनी ठेवले 'कृपा सदन'.

पुण्य कमवायला जिने उभी हयात घालवलेला बाप पाहिला, तिने हे काम पुण्य कमवायला केले असते तर ते केव्हाच थकून संपले असते, असे आम्हाला वाटते. उपाशी मुलीला उचलून आणताना रमाबाईंच्या डोक्यात हिशेब नव्हता. हिशेब तारणाऱ्याने आधीच चुकता केला होता, म्हणून हात मोकळे होते. याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ज्या जिवंत विश्वासाबद्दल बोलतो, तो आम्हाला इथे दिसतो.

वर्गात हे सगळे सांगून झाले की एक प्रश्न उरतो, आणि तो बहुधा आमच्यातल्या अशा घरांतून येतो जिथे आजी-आजोबा किंवा मामाकडची मंडळी हिंदू आहेत. अनंतशास्त्रींचे काय? एवढे चालले, एवढे दिले, आणि ख्रिस्ताचे नाव ऐकल्याशिवाय गेले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात याला उत्तर दिले आहे. स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळले नाही, पण जे खऱ्या अंतःकरणाने देवाला शोधतात आणि कृपेच्या प्रेरणेने त्याची इच्छा पाळण्याचा यत्न करतात, त्यांनाही तारण मिळू शकते. वाक्य नीट वाचा. तिथेही शब्द कृपेचाच आहे. अनंतशास्त्री तरले असतील तर ते चाललेल्या कोसांमुळे नव्हे, आणि आपण तरलो तर मोजलेल्या जपमाळांमुळे नव्हे. आपल्या लाडक्या लेकीला मी देवाच्या हाती सोपवतो, असे मरणाच्या दारात म्हणणारा तो बाप स्वतः कुणाच्या हाती होता, हे तोच जाणे ज्याच्या हाती तो होता. निकाल देण्याचे काम आमच्याकडे दिलेले नाही, याचे आम्हाला फार समाधान आहे.

रमाबाईंनी अखेरची वर्षे पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या साध्या बाईला वाचून कळावे अशी भाषा त्यांना हवी होती. ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते, आणि २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाही गेली होती, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. त्याचे खिळे जुळवणाऱ्या, पाने छापणाऱ्या आणि बांधणी करणाऱ्या मुक्तीतल्याच मुली आणि बाया होत्या. त्यांतल्या कित्येकींना रमाबाईंनी दुष्काळातून उचलून आणले होते, आणि अक्षर काढायला त्या केडगावलाच शिकल्या होत्या.